उल्काने निवडलेला चित्रपट

बाळंतपणात दगावलेली बाई भूत होऊन परत येते असे मानले, तर ती स्वतःच्या मुलालाही धरते का? हा प्रश्न संजीवनी गद्रे यांनी २०१९ च्या जुलै महिन्यात सिंगापूरहून फोन करून मला विचारला. लोककथांचा अभ्यास हे माझे काम असल्यामुळे उत्तर माझ्यापाशी तयार असेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. ते नव्हते. कोकणातल्या आळवंतिणीच्या, म्हणजे अशा बाईच्या भुताच्या, पुष्कळ कथा मी ऐकल्या होत्या. त्यांत ती नवऱ्याला छळते, सवतीला झोपू देत नाही, तिन्हीसांजेच्या वाटसरूला अडवते. मूल मात्र त्या कथांत एकतर आईबरोबरच गेलेले असते, नाहीतर एखाद्या वाक्यात कुणा मावशीच्या हवाली होऊन कथेबाहेर पडते. मोठे झालेले ते मूल आईबद्दल काही विचारते आहे, अशी एकही कथा मला आठवेना. शोधून कळवतो, असे मी म्हणालो.

"जरा लवकर कळवा," संजीवनीबाई म्हणाल्या. "एक मुलगी माझ्या उत्तराची वाट बघतेय."

संजीवनीबाई मूळच्या साताऱ्याच्या. पती निशिकांत यांना बँकेत नोकरी मिळाली तेव्हा, १९९६ साली, त्या सिंगापूरला आल्या आणि पुढे एका जहाज कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षक झाल्या. दोघांनी तिथले नागरिकत्व घेतले आणि हौगांगमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाईंचे बोलणे मोजके. कुणी काही सांगितले की त्यावर लगेच मत द्यायचे नाही, आधी ते तपासायचे, ही कामातली सवय त्यांच्या घरातही उतरली होती. निशिकांत यावरून त्यांची थट्टा करीत. "चहा गोड झालाय का विचारलं, तर ही म्हणते, दुसरा घोट घेऊन सांगते."

त्यांच्या घरी दरवर्षी दिव्यांची अवस होई. आषाढ संपतो त्या अमावास्येला घरातले सारे दिवे चिंचेने घासायचे, पाटावर ओळीने मांडून उजळायचे, कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खायचे, हा रिवाज त्यांनी माहेरून जसाच्या तसा नेला होता. सिंगापुरात आल्यावर त्यांना एक गोष्ट आढळली. शेजारच्या चिनी कुटुंबांचा सातवा महिना, ज्यात भुकेले आत्मे मोकळे सुटतात असे ते लोक मानतात, बहुतेक वर्षी ह्याच अवसेला लागून सुरू होतो. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालत असल्याने यात नवल नाही. पण नवव्या मजल्यावर पाटावर समया तेवत असताना खाली इमारतीपाशी पत्र्याच्या पिंपांत मृतांसाठी कागदी नोटा जळत असत आणि त्या धुराचा वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर येई.

या संध्याकाळी भयपट पाहायची कल्पना मात्र उल्का सबनीस हिची. उल्का ही संजीवनीबाईंची तिथली पहिली आणि सर्वांत जवळची मैत्रीण. पती अभय यांच्याबरोबर ती पासिर रिस इथे राहायची. एका वर्षी पूजा उरकल्यावर सगळे शांत बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "एवढे दिवे लावलेत, आणि बघायला भूत एकही नाही? निशिकांतराव, लावा काहीतरी." त्या दिवशी जे लागले ते सगळ्यांना आवडले. मग अवसेच्या जवळच्या शनिवारी चार-पाच मराठी कुटुंबे गद्र्यांकडे जमू लागली. चित्रपट कोणता, ते उल्का ठरवी आणि लावेपर्यंत कुणाला सांगत नसे.

२००६ च्या सप्टेंबरमध्ये मुलीला जन्म देताना उल्काचा रक्तस्राव थांबला नाही. डॉक्टरांनी शक्य होते ते सारे केले. मुलगी वाचली. तिचे नाव ऋता.

दोन वर्षे अवसेला नुसते दिवे लागले. तिसऱ्या वर्षी इतरांच्या मुलांनी हट्ट धरला आणि निवडीचे काम संजीवनीबाईंकडे आले. त्यांना स्वतःला भयपटांची आवड मुळीच नव्हती. त्यामुळे त्यांनी ते काम आपल्या पद्धतीने केले. चित्रपट आधी शनिवारी दुपारी, पडदे उघडे ठेवून, आवाज पूर्ण बंद करून पाहायचा. आवाजाशिवायही जो भिववतो तो मोठ्यांचा. ज्यातली भीती केवळ वाद्यांच्या किंचाळण्यात असते तो मुलांसमोर लावायला हरकत नाही, कारण ती रिमोटने कमी करता येते. रक्ताचे चित्रपट बाद. मांजर मरते ते चित्रपटही बाद, कारण एका वर्षी मुलांना भुताचे काहीच वाटले नव्हते, पण त्यातल्या मांजरासाठी ती आठवडाभर रडली होती. पालकांचा या निवडीवर पूर्ण भरवसा असे. बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा मुकुल तर म्हणे, "काकूंनी पास केलेलं भूत म्हणजे शिक्का मारलेलं भूत. निर्धास्त घाबरा."

यांखेरीज एक नियम होता. तो कुणी उच्चारला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत दाखवायचे नाही.

सिंगापुरात हा नियम पाळणे सोपे नाही. तिथले सर्वांत परिचित भूत तेच आहे. मलय लोक त्याला पोंतियानाक म्हणतात. बाळंतपणात मेलेली ही बाई पांढऱ्या वस्त्रात, केस मोकळे सोडून केळीच्या झाडाशी वावरते, आणि ती जवळ आली की आधी चाफ्याचा वास येतो, असे सांगतात. शाळांतून, सहलींतून, सक्तीच्या सैनिकी सेवेतल्या मुलांच्या गप्पांतून ही बाई हिंडत असते. तिच्यावर चित्रपटही बरेच आहेत. गद्र्यांच्या घरात मात्र ती कधी आली नाही. ऋता खोलीत असताना कुणी चुकून तिचे नाव घेतले, तर दुसरा लगेच विषय बदली, आणि विषय बदलला जातो आहे हे ऋताच्या लक्षात येत नाही अशी सर्वांची समजूत होती. ही समजूत अनेक वर्षे टिकली. सुशिक्षित, समंजस, एकमेकांना जपणाऱ्या माणसांचाच हा प्रमाद होता. कमी जपणाऱ्यांकडून तो झालाच नसता.

२०१९ च्या जुलैतल्या एका रविवारी दुपारी ऋता एकटीच बसने हौगांगला आली. तिला तेरावे वर्ष चालू होते आणि त्याच वर्षी ती सेकंडरी शाळेत गेली होती. संजीवनीबाई समईला चिंच लावत बसल्या होत्या. ऋताने एक निरांजन ओढून घेतले आणि ती घासू लागली.

"मावशी, या वर्षी काय लावणार?"

"दरवर्षी विचारतेस. सांगते का मी कधी?"

"मी सांगू? पोंतियानाक लाव."

संजीवनीबाईंचा हात थांबला नाही. "त्यातले चांगले नाहीत गं चित्रपट."

"नॉट ट्रू, लाह," ऋता तिथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली. "तू व्हॅम्पायर लावलास. लिफ्टमधली म्हातारी लावलीस. ती रडकी बाहुली लावलीस, ती तर किती बोअर होती. जपानचं भूत झालं, कोरियाचं झालं, थायलंडचं झालं. आपल्या इथलंच तेवढं नाही. का?"

"तुला का बघायचंय ते सांग आधी."

ऋताने निरांजन खाली ठेवले. पुढचे ती बरेचसे इंग्रजीत बोलली. शाळेच्या कॅम्पमध्ये मुली गोष्टी सांगत होत्या. हिने विचारले, बाई पोंतियानाक होते ती कशी? नुरुल नावाची मैत्रीण म्हणाली, बाळाला जन्म देताना मेली की होते. आणि मग नुरुलला आठवले. मग सगळ्या मुली गप्प झाल्या.

"सेम गप्प, मावशी," ऋता म्हणाली. "तुम्ही सगळे होता ना, तसंच. मला तेव्हा कळलं तुम्ही कशासाठी गप्प होता ते. तुम्हाला पण तसंच वाटतं."

"आम्हाला तसं कधीही वाटलेलं नाही, बाळा."

"मग लपवलं का?"

संजीवनीबाईंनी पुढे मला सांगितले की या प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर होते, पण ते तोंडातून निघण्यापूर्वीच त्यांना खोटे वाटू लागले. ऋता मात्र थांबली नव्हती.

"बाबा आईच्या फोटोसमोर चाफा ठेवतो. आमच्या ब्लॉकखाली झाड आहे, तिथून वेचून आणतो. फुलं घरात आली की मी माझ्या खोलीचं दार लावून घेते. त्याला वाटतं मी अभ्यास करते." मग तिने आवाज बारीक केला. "ती माझीच आई आहे ना? मग मला पण धरेल का ती?"

असे काही नसते, हे वाक्य अशा वेळी सहज येते. पडद्यावरच्या प्रत्येक भुताबद्दल संजीवनीबाई मुलांना हेच वाक्य सांगत आल्या होत्या आणि कुठल्याच मुलाने त्यावर विश्वास ठेवलेला त्यांनी पाहिला नव्हता. म्हणून त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. विचारून सांगते." त्यांनी मला फोन केला तो त्याच संध्याकाळी.

माझ्याकडून उत्तर गेले नाही. संजीवनीबाईंनी वाट पाहिली नाही. मुलीला तिच्या आईचीच भीती वाटते आहे आणि त्या भीतीला आपल्या घराने तेरा वर्षे आसरा दिला आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. निदान चित्रपट निवडणे त्यांच्या हातात होते. पुढचे दोन आठवडे त्यांनी मिळतील ते पोंतियानाकचे चित्रपट काढले आणि नेहमीसारखे उजेडात, आवाज बंद करून पाहिले. त्यांतल्या बहुतेकांत पुरुष त्या बाईच्या मानेत खिळा ठोकतो आणि ती पुन्हा देखणी, मुकाट बायको होते. खिळा निघाला की पुन्हा भूत. ते सारे त्यांनी बाद केले. पण पाहताना एक गोष्ट त्यांच्या मनात राहिली. आवाज काढून घेतला की ही बाई किंचाळताना दिसत नाही. ती हात पुढे करते, तोंड उघडते, पुन्हा उघडते. कुणाला तरी हाक मारणारे माणूस लांबून जसे दिसते, तशी ती दिसते.

अखेर त्यांना अलीकडचा एक सौम्य चित्रपट मिळाला. त्यातली मृत आई येऊन मुलाच्या अंगावरचे पांघरूण नीट करते, एवढेच. त्यांनी ऋताला बोलावून तो दुपारी दाखवला. ऋताने शेवटपर्यंत पाहिला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हा तू माझ्यासाठी शोधलास."

"मग काय बिघडलं?"

"यात भीतीच वाटत नाही. मला खरा बघायचाय, मावशी. सगळ्यांबरोबर. आणि तुम्ही कोणी गप्प नाही बसायचं."

त्या रात्री जेवताना संजीवनीबाईंनी हे निशिकांतना सांगितले. त्यांनी ताटातली भाजी संपवली आणि मग म्हणाले, "एक तर आपण बघितलेलाच आहे. उल्कानं लावला होता तो."

तेरा वर्षांत त्या चित्रपटाचा उल्लेख त्या घरात प्रथमच झाला. २००६ ची अवस. उल्काला सातवा महिना सरत आला होता. त्या वर्षी चिनी पंचांगात अधिक महिना आला होता आणि तोही सातव्या महिन्यालाच जोडून, त्यामुळे भुकेल्या आत्म्यांचा महिना दोनदा होणार होता. या योगायोगावर उल्का खूश होती. तिने कुठल्याशा दुकानातून जुन्या मलय चित्रपटाची सीडी आणली, कृष्णधवल, पोंतियानाकचा. पुण्याहून लेकीकडे आलेल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, दिवस गेलेल्या बाईने असले पाहू नये. उल्का पाठीला उशी लावून बसली आणि म्हणाली, "काकू, माझ्या बाळाला आत्तापासून सवय झालेली बरी." दोन महिन्यांनी, त्या वाढीव सातव्या महिन्यातच, ती गेली.

चित्रपटामुळे असे झाले, असे कुणी म्हटले नाही. त्या खोलीतली माणसे बँकांत जोखमीची गणिते मांडणारी, संगणकाच्या प्रणाल्या उभारणारी होती. पण तो चित्रपट कुणी पुन्हा बोलण्यात आणला नाही, आणि न बोलण्याचा तो नियम ऋताला जपण्यासाठी आहे असे सगळे स्वतःला सांगत राहिले. संजीवनीबाईंच्या मते त्यातला निम्मा भाग ऋतासाठी होता. उरलेला निम्मा ज्याच्या त्याच्या मनातल्या त्या पुण्याच्या काकूंसाठी होता.

चित्रपटाचे मलय नाव दोघांनाही आठवेना. कुठल्याही संकेतस्थळावर तो सापडला नाही. सीडी असलीच तर अभयकडे असणार होती. संजीवनीबाई संध्याकाळी ऑफिसमधून थेट पासिर रिसला गेल्या. अभय त्यांना समुद्राकाठच्या बागेत भेटले. घरी ऋता होती, आणि हे बोलणे तिच्यासमोर नको, असे बाईंनीच फोनवर सांगितले होते.

"वहिनी, ती सीडी मी टाकून दिली," अभय म्हणाले.

"कधी?"

"तेव्हाच. आणि असती तरी दिली नसती. ऋताला तो दाखवायचा? तिच्या आईनं शेवटी पाहिलेला? तुम्ही, वहिनी, तुम्ही असं म्हणताय?"

"ती मागतेय, भावजी."

"तिला काय कळतंय."

संजीवनीबाईंनी त्यांना कॅम्प सांगितला. नुरुल सांगितली. आणि मग चाफा आला की लागणारे दार सांगितले. अभय बाकावर बसले. समोर एक चिनी कुटुंब वाळूत मेणबत्त्या रोवत होते आणि वाऱ्याने त्या विझत होत्या, ते पुन्हा लावत होते.

"उल्का खाली उतरली की एक फूल उचलायची," अभय म्हणाले. "पर्समध्ये टाकायची. नंतर पैसे काढताना, किल्ली काढताना, दर वेळी तो वास. मी म्हणायचो, कचरा आहे तुझ्या पर्समध्ये. फोटोपुढे दुसरं काय ठेवणार मी?"

"हे ऋताला सांगितलंत कधी?"

"काय सांगणार? पर्सची गोष्ट?"

"पर्सचीच."

अभय उठताना एवढेच म्हणाले, "मी तिला त्या दिवशी नको म्हणायला हवं होतं."

"तिनं ऐकलं असतं?"

"नाही." त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला. "मलाच स्वयंपाकघरात बसवलं असतं."

सीडी खरोखर टाकली असेल असे बाईंना वाटत नव्हते, पण आणतो असेही अभयनी कबूल केले नाही. संजीवनीबाईंनीही पुन्हा विचारले नाही. त्यांनी इतर मोठ्या माणसांना एकेक करून फोन केला आणि घडलेले सगळे सांगितले. शेवटी प्रत्येकाला एकच विनंती केली. या वेळी ऋतासमोर गप्प बसायचे नाही. मुकुलने विचारले, "म्हणजे बोलायचं काय, काकू?" त्या म्हणाल्या, "ते मलाही माहीत नाही. पण बोला."

शनिवारी, ३ ऑगस्टला, नेहमीची मंडळी जमली. दिवे लागले. खाली पिंपे पेटली होती आणि निशिकांतनी खिडकी अर्धी लोटून घेतली होती. सीडी आलीच तर असावा म्हणून मुकुलने कुणाच्या तरी माळ्यावरून जुना सीडी प्लेयर पैदा केला होता. "संग्रहालयातून उचलून आणलाय," तो म्हणाला, "सांभाळून हं. याच्यातच भूत असायचं." कुणी हसले, कुणी हसायचे की नाही ते ठरवत राहिले. ऋता आधीच आली होती. ती जमिनीवर उशीला टेकून बसली होती आणि दर वेळी लिफ्टचा आवाज झाला की दाराकडे बघत होती. अभय आले नव्हते. संजीवनीबाईंनी तो सौम्य चित्रपट तयार ठेवला होता आणि तो लावावा लागला तर ऋताच्या चेहऱ्याकडे आपल्याला पाहता येणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

कणकेचे दिवे वाढायला घेतले तेव्हा अभय आले. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यांनी संजीवनीबाईंना दिली नाही. ऋतापाशी खाली बसून तिला दिली.

"हा तुझ्या आईनं निवडलेला आहे," ते म्हणाले. "शेवटचा. मी टाकून दिला म्हणून सांगितलं होतं मावशीला. टाकला नव्हता. आम्ही सगळ्यांनी इथेच पाहिला. तू पण होतीस."

"पोटात?"

"पोटात. आणि लाथा मारत होतीस."

ऋताने सीडीचे वेष्टन बराच वेळ पाहिले. त्यावर केस सोडलेली बाई होती, रंग उडालेली. मग तिने ती स्वतःच प्लेयरमध्ये घातली आणि वडिलांच्या व मावशीच्या मधे येऊन बसली.

चित्रपट चांगला नव्हता, असे संजीवनीबाईंचे मत. पण आवाज बंद केला तरी तो भिववला असता, हेही त्या सांगतात. पहिल्या भागात मोठी माणसे सांगितल्याप्रमाणे बोलत होती आणि ते फार अवघड चालले होते. मुकुल म्हणाला, "हिला कुणीतरी कंगवा द्या रे." निशिकांतनी घराच्या छपराबद्दल काही तांत्रिक शंका काढली. ऋता हसली नाही. तिने गुडघे छातीशी घेतले होते आणि पडद्यावरून नजर काढली नव्हती.

मग ती बाई रात्री स्वतःच्याच घरात शिरते आणि पाळण्यापाशी येते. पाळण्यात तिचे मूल झोपलेले आहे. ती वाकते. संगीत थांबते. खोलीतही सगळे थांबले. सांगितलेले सारे विसरून ते पुन्हा तसेच गप्प झाले. ऋताने मान वळवून एकेकाकडे पाहिले.

"इथे," अभय म्हणाले. "इथे तुझी आई बोलली होती. मोठ्यांदा. भुताला. म्हणाली, 'अगं बाई, किंचाळायचंय तर आधी त्याला उचल तरी. झोपमोड केलीस तर मग तुलाच रात्रभर जोजवावं लागेल.'"

पडद्यावर बाई किंचाळली. मूल जागे झाले.

"खरंच असं म्हणाली?"

"ह्याच शब्दांत," निशिकांत म्हणाले. "माझ्या हातातला चहा सांडला. त्या पुण्याच्या काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला."

"परत सांग," ऋता वडिलांना म्हणाली.

अभयनी परत सांगितले. या वेळी ते वाक्य त्यांनी उल्काच्या चालीत म्हटले, आणि संजीवनीबाईंनी आपली नजर समयांकडे वळवली. तेरा वर्षांत त्यांनी तो स्वर ऐकला नव्हता.

"मग? मग काय झालं?"

"मग तिला भूक लागली. तिनं मला खाली करी पफ आणायला पिटाळलं. त्यामुळे इथून पुढचा अर्धा तास मी पाहिलेलाच नाही."

"मग आता बघ," ऋता म्हणाली.

पुढे ती घाबरली. खिळ्याच्या प्रसंगात तिने डोळे मिटले आणि वडिलांचा दंड दोन्ही हातांनी धरला. मुकुलने आवाज कमी करू का विचारले तर ती म्हणाली, "नको. राहू दे." चित्रपट संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मोठ्यांपैकी कुणीतरी, बहुधा सवयीने, दुसरा विषय काढू पाहिला आणि संजीवनीबाईंनी त्याला हाताने थांबवले. ही शांतता आता तिची होती.

निघताना बाई दारापर्यंत पोचवायला गेल्या. लिफ्टची वाट पाहत उभ्या असलेल्या बापलेकीचे बोलणे त्यांच्या कानावर आले.

"ती अजून काय काय बोलायची? टीव्हीशी?"

"टीव्हीशीच का, लिफ्टशी पण बोलायची," अभय म्हणाले. "ही लिफ्ट थांबली नाही ना की—" लिफ्ट आली आणि दार लागले.

दोन दिवसांनी संजीवनीबाईंचा मला फोन आला. मी क्षमा मागितली. उत्तर सापडले नव्हते. त्या म्हणाल्या, "ऋताला मी तेच सांगितलं, की विचारलं, पण त्यांनाही माहीत नाही. ती म्हणाली, ओके." मग त्यांनी त्या शनिवारची हकीकत सांगितली, जी मी वर त्यांच्याच क्रमाने दिली आहे. आळवंतिणीच्या कथा मागे राहिलेल्यांनी सांगितलेल्या असतात, आणि त्या सांगणाऱ्यांत तिचे मूल कधीच नसते, एवढे एक निरीक्षण मी त्यानंतर माझ्या टिपणांत वाढवले. त्याला उत्तर म्हणता येणार नाही.

संजीवनी गद्रे २०२२ मध्ये नोकरीतून निवृत्त झाल्या. ऋता सबनीस लहानपणापासून कधी आजोळी गेली नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये, ए-लेव्हलची परीक्षा संपल्यावर, ती उल्काच्या माहेरी वाईला गेली आणि महिनाभर तिथे राहिली.